खडकाला न दाबता

1991 साली पॅरिसच्या खोऱ्यात आणि टेक्सासमधल्या ऑस्टिन चॉकमध्ये रिळावर गुंडाळलेल्या पोलादी नळीने उघडा खडक पोखरला गेला. नळी जुनीच होती. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, इंग्लिश खाडीखालून फ्रान्सला इंधन पोचवण्यासाठी तीन इंची नळ्या तरंगत्या, अवाढव्य रिळांवर चढवल्या होत्या. 1962 मध्ये अमेरिकेत पहिलं कॉइल्ड ट्यूबिंगचं, म्हणजे अशा गुंडाळलेल्या नळीचं, युनिट उभं राहिलं ते विहिरीत साठलेली वाळू धुण्यासाठी. नंतर अनेक वर्षं तिच्या वाट्याला साफसफाई, ऍसिड सोडणं, नायट्रोजनने विहीर वाहती करणं हीच कामं आली. आपल्या मुंबई हायवर काम केलेल्यांनाही ती याच कामांसाठी ठाऊक आहे.

पण घट्ट खडकातल्या वायूला तिची खरी गरज होती. घट्ट म्हणजे रूढ व्याख्येनुसार 0.1 मिलिडार्सीपेक्षाही कमी पारगम्यता. नेहमीच्या ड्रिलिंगमध्ये विहीर उसळू नये म्हणून विहिरीत सोडलेल्या चिखलाचा दाब खडकातल्या दाबापेक्षा जास्त ठेवतात. सुरक्षिततेसाठी ते योग्यच; पण त्या दाबाने पाणी खडकात घुसतं आणि समईची वात तेल ओढते तसं सूक्ष्म छिद्रं ते धरून ठेवतात. वायूची वाट तिथेच बुजते. यावर उपाय म्हणजे अंडरबॅलन्स्ड ड्रिलिंग. द्रवात नायट्रोजन मिसळून विहिरीतला दाब खडकापेक्षा कमी ठेवायचा आणि वायूला बिट, म्हणजे खोदणारं टोक, फिरत असतानाच वर येऊ द्यायचं.

हा तोल एकदाही ढळून चालत नाही. तुकड्यातुकड्यांच्या पाइपने काम करताना दर जोडणीला पंप थांबतो आणि दाब हेलकावतो. त्यातल्या एखाद्या हेलकाव्यात दिवसभराची मेहनत पाण्यात जाऊ शकते. अखंड नळीला सांधेच नसतात. शिवाय वायुमिश्रित द्रवातून खालचे संदेश द्रवाच्या स्पंदनांवाटे नीट वर येत नाहीत; कॉइलमधून मात्र थेट विजेची तार नेता येते. अर्थात खडक फार कोरडा असेल, तर दाब कमी ठेवूनही तो पाणी शोषतोच. पहिल्या उत्साहात हे पुरेसं लक्षात घेतलं गेलं नाही, असं मला वाटतं.

नळीच्या स्वतःच्याही मर्यादा होत्या. ती फिरवता येत नाही, त्यामुळे आडव्या भोकात लांबवर ढकलली की मळसूत्रासारखी वळते आणि अडते. रिळावरून सुटताना, वरच्या कमानीवरून जाताना ती दर खेपेला वाकते, सरळ होते आणि थकते. तिच्या प्रत्येक भागाने किती वाक सोसले याचा हिशेब ठेवावा लागतो. याउलट 1990 च्या दशकाच्या शेवटी टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये मिचेल एनर्जीने पाण्याच्या जोरावर खडक फोडण्याचं तंत्र, म्हणजे फ्रॅकिंग, स्वस्त केलं. पुढे लांबलचक आडव्या विहिरी आल्या. खडक फोडायचाच असेल, तर भोकाभोवतीची थोडी इजा कोण मोजणार? अमेरिकेतल्या नव्या घट्ट क्षेत्रांचा बाजार फ्रॅकिंगने जिंकला.

दाब कमी ठेवून अखंड नळीने खोदण्याच्या तंत्राची बाजू राखली ती शारजाने. मराठी माणसाला शारजा म्हटलं की 1998 चा सचिन आठवतो; त्याच अमिरातीच्या वाळवंटाखाली साजा हे वायुक्षेत्र आहे, 1980 मध्ये सापडलेलं. वीसेक वर्षांच्या उपशानंतर चुनखडकातला दाब इतका उतरला होता की जड चिखल तिथे नुसता गिळला गेला असता. 2003 पासून तिथे जुन्या विहिरींच्या केसिंगला, म्हणजे पोलादी अस्तराला, खिडकी पाडून, जेमतेम चार इंचांच्या बिटने, एकेका विहिरीतून अनेक फाटे काढले गेले. खोदताना वर येणारा वायू तिथल्या तिथे मोजला जाई. कुठला थर देतो आणि कुठला नाही हे त्यावरून कळे आणि पुढचा फाटा त्या हिशेबाने वळवला जाई. मला या साऱ्या कहाणीत हे सर्वांत मोलाचं वाटतं: विहीर पुरी होण्याची वाट न पाहता खडकाचं ऐकून घेणं. त्याच दशकाच्या अखेरीस सौदी अरेबियानेही आपल्या खोल वायुविहिरींत हीच नळी उतरवली.