लेसर रूट कॅनाल : दाताच्या बळकटीचे काय?

रूट कॅनाल केलेला दात वाळतो व म्हणून ठिसूळ होतो, अशी समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात तो दुबळा होतो तो मुख्यतः किडीमुळे आणि ती काढताना कोरल्या गेलेल्या भागामुळे. रीह, मेसर व डग्लस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात केवळ रूट कॅनालमुळे दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्के घटला. दाताच्या दोन्ही बाजूंच्या कडा कोरल्या असता ही घट ६३ टक्क्यांवर गेली.

लेसरचा विचार याच पार्श्वभूमीवर करावयास हवा. २,९४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अर्बियम लेसरची ऊर्जा पाण्यात शोषली जाते. मुळाच्या नलिकेतील जंतुनाशक द्रावात त्यामुळे बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि फाईल पोहोचत नाही अशा फाट्यांपर्यंत द्राव ढकलला जातो. कमी कोरून स्वच्छता साधली, तर दाताला तो लाभच. निओडिमियम व डायोड लेसर मात्र उष्णतेने जंतू मारतात. किरण एकाच जागी रेंगाळल्यास मुळाभोवतीच्या हाडाला इजा होऊ शकते. ४७ अंश सेल्सियस तापमान १ मिनिट टिकले तरी हाडाची हानी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. ऊर्जा अधिक झाल्यास डेंटिनला सूक्ष्म तडेही जाऊ शकतात.

लेसरमुळे दात मजबूत होतो, हा जाहिरातींतील दावा त्यामुळे जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. गेलेला भाग लेसर भरून देत नाही. बरीच कोरलेली दाढ चावण्याच्या दाबाखाली दुभंगू नये यासाठी तिच्यावर कॅप बसवावी लागते, मग उपचार लेसरने झालेला असो वा नसो.