लघुग्रहांचा शोध आणि हौशी निरीक्षक

१ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांनी पालेर्मो येथून सेरेसचा शोध लावला. आजारपणामुळे त्यांची निरीक्षणे खंडित झाली व सेरेस सूर्यतेजात लोपला. गाउस यांनी कक्षा गणिताने काढल्यावरच वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. सापडलेली वस्तू हरवू न देणे हा शोधकार्याचाच भाग होय.

शोधाची पद्धत सोपी आहे. आकाशाच्या एकाच भागाची काही मिनिटांच्या अंतराने तीन-चार छायाचित्रे घेतात. ती संगणकावर एकामागून एक पाहिली असता तारे स्थिर राहतात, लघुग्रह सरकतो. त्याचे विषुवांश, क्रांती, वेळ व तेजस्विता मोजून अमेरिकेतील ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे कळवितात.

२०२५ मध्ये रुबिन वेधशाळेने सुमारे १० तासांच्या निरीक्षणांतून २,१०४ नवे लघुग्रह शोधले. संख्येच्या या स्पर्धेत हौशी निरीक्षक टिकणे अशक्य आहे. तथापि, पृथ्वीसमीप लघुग्रहाचा वेळीच पाठपुरावा न झाल्यास त्याची कक्षा अनिश्चित राहते. हे काम अचूक वेळ नोंदविणाऱ्या लहान दुर्बिणीनेही साधते. दुर्बीण नसलेल्या महाविद्यालयांना ‘इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन’ ही संस्था तपासणीसाठी छायाचित्रे विनामूल्य पुरविते. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष संशोधनाची शिस्त लावण्यास हा मार्ग निश्चितच उपयुक्त ठरेल.