राजा जेवायला येतो तेव्हा

लंडनच्या उत्तरेला, साधारण तीस किलोमीटरवर, सेंट ऑल्बन्सचा मठ होता. उत्तरेकडे जाणारा हमरस्ता दाराशीच. सरदार, धर्मगुरू, दूत असे सगळे मुक्कामाला थांबायचे आणि बातम्याही आपोआप मठात पोहोचायच्या. या मठात १२१७ साली दीक्षा घेतलेल्या मॅथ्यू पॅरिसकडे १२३६ मध्ये इतिवृत्त लिहिण्याचे काम आले. ते त्याने १२५९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत केले. ग्रंथाचे नाव ‘क्रॉनिका मायोरा’, भाषा लॅटिन.

चित्रेही तोच काढायचा. कोणी सरदार वारला की समासात त्याची ढाल उलटी काढायची. फ्रान्सच्या राजाने १२५५ मध्ये इंग्लंडच्या राजाला हत्ती भेट दिला, तेव्हा मॅथ्यूने हत्तीशेजारी माहूतही काढला. का, तर वाचणाऱ्याला आकाराचा अंदाज यावा! मला ही युक्ती फार आवडते.

पण खरी गंमत पुढेच आहे. हा माणूस लेखणीने भलताच तिखट. तिसऱ्या हेन्री राजाची करवसुली, त्याच्या परदेशी नातलगांची चंगळ, पोपची पैशांची मागणी, कुणालाही तो सोडत नसे. तो निःपक्षपाती होता असे मात्र समजू नका. परक्यांविषयी आणि ज्यूंविषयीचे त्याचे पूर्वग्रह पानोपानी दिसतात.

आणि तोच राजा त्याला ओळखत होता. १२४७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका समारंभात हेन्रीने त्याला जवळ बसवून घेतले आणि हे सारे नीट लिहून ठेव, असे सांगितले. १२५७ च्या मार्चमध्ये तर राजा आठवडाभर मठातच राहिला. मॅथ्यू त्याच्या पंक्तीला बसला. राजाने आपल्या सरदारक्यांची नावे स्वतः त्याला सांगितली. आता सांगा, ज्याच्यावर आपण झोड उठवली, तोच असा शेजारी बसून माहिती पुरवू लागला तर काय करायचे?

उतारवयात मॅथ्यूने चाकू घेतला. चर्मपत्रावरची काही वाक्ये खरवडली आणि त्या जागी सौम्य मजकूर लिहिला. काही ठिकाणी नुसती समासात खूण केली, की हे वगळावे, यातून कुणी दुखावेल. खरवडलेले बहुतेक गेलेच. खूण केलेले मात्र तसेच राहिले. तिथे राग आणि धास्ती दोन्ही एकाच पानावर वाचता येतात.

याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. मठाच्या जमिनी आणि हक्क राजाच्या सनदांवर टिकून होते. त्याच्या एका वाक्याची किंमत साऱ्या मठाला मोजावी लागली असती.

मूळ हस्तलिखिताचे दोन भाग केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात आहेत, तिसरा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. शेवटी दुसऱ्या कुणीतरी मृत्युशय्येवरचा मॅथ्यू काढून ठेवला आहे. त्याचे कोपर एका पुस्तकावर टेकलेले आहे, आणि पुस्तकावर लिहिले आहे, की हे मॅथ्यूचे इतिवृत्त.