सापिणीची बेगमी

आगोट जवळ आली की महाड-पोलादपूरकडच्या घराघरांतून बेगमीची लगबग सुरू होते. सुकी लाकडे पडवीत रचली जातात, मिरच्या नि सुकट उन्हातून आत येतात, आणि पुढचे चार महिने पावसाने वाट अडवली तरी चूल अडू नये अशी तजवीज केली जाते. ज्या मुलखात ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे, तेथेच, शेताच्या बांधातल्या बिळात राहणारी धामणही आपल्या संततीसाठी अशीच बेगमी करीत असते, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी येते.

सापिणीची कणगी तिच्या देहातच असते. उदरात आतड्यालगत मेदाचे लांबट पिंड असतात. खाल्लेल्या उंदराघुशींतून देहधारणेपुरते वजा जाता जे उरते, ते तेथे जमा होते, आणि अंडी धरण्याचा समय आला की यकृत बलकाचे द्रव्य सिद्ध करून रक्तावाटे अंडाशयाकडे धाडते. ही शिल्लक अपुरी असेल तर निसर्ग उधारीवर काम करीत नाही. फ्रान्समधील अ‍ॅस्प नावाच्या विषारी सापांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की देहातला साठा एका विशिष्ट मर्यादेपर्यंत पोहोचल्यावाचून मादी त्या वर्षी गर्भ धरीतच नाही.

परदेशात अमेरिकेतील कॉर्न स्नेकसारखे बिनविषारी साप हौसेने पाळले जातात, त्यांच्या पाळणाऱ्यांनी हेच गणित काट्यावर मांडले आहे. मादीच्या पाठीवरून बोट फिरवावे. कणा धारेसारखा हाताला लागला तर ती कृश समजावी, आणि पाठ भरीव गोल लागली तर तयार. तथापि भरविण्यालाही मर्यादा असते, कारण अतिमेद झालेल्या मादीची अंडी पोटात अडून तिचा जीव धोक्यात येतो. मीलनाआधी मादीला काही काळ गारव्यात ठेवून थंडीचा विश्राम देतात; त्यापूर्वी दोनएक आठवडे खाणे बंद ठेवतात, कारण उबेवाचून सापाला पचन होत नाही नि गिळलेले भक्ष्य पोटातच कुजते. विश्राम संपला की लहान लहान घास वारंवार देतात. मादी कात टाकते, आणि मग नराची भेट घडवितात.

आपल्याकडे मात्र येथले साप पकडण्यास व पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ती मला सर्वथा योग्य वाटते. कारण जी तयारी तेथे काचेच्या पेटीत करावी लागते, ती इकडे सावित्री नदीच्या खोऱ्यात ऋतुचक्रच करीत आले आहे. भात कापून खळ्यावर मळणी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या, की सांडलेल्या दाण्यांवर उंदीर माजतात आणि त्यांच्या मागोमाग धामण येते. पुढे थंडीत तिची हालचाल मंदावते, ऊन तापू लागले की ती पुन्हा शिकारीला निघते, आणि अंडी घातल्यापासून सुमारे दोन महिन्यांनी जी पिले बाहेर पडतात, त्यांतल्या पुष्कळांना पावसातल्या बेडकांचा आयता आहार लाभतो. नागपंचमीला दुधाची वाटी पुढे करणाऱ्या भाविकांनी एवढे जाणावे, की साप केवळ मांसाहारी आहे आणि दूध त्याला पचत नाही.

या साठ्याचे मोल अजगराच्या मादीइतके कोणी दाखवीत नाही. अंड्यांभोवती वेढे घालून ती आठवडेच्या आठवडे बहुधा अन्नपाण्यावाचून बसते, आणि स्नायू पुनःपुन्हा आखडून स्वतःच्या देहातून ऊब निर्माण करते. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात वालांसियेन या शास्त्रज्ञाने अशा एका ब्रह्मी अजगरिणीच्या वेढ्यांत तापमापक ठेवून ही ऊब मोजली होती. इतके दिवस ती ऊब पुरते, ती आधीच्या खाण्याच्या जोरावर.

म्हणून शेतकरीबांधवांना एकच विनंती. उडवी हलविताना तळाशी मऊ, चामड्यासारख्या कवचाची, एकमेकांना चिकटलेली पांढरी अंडी दिसली, तर ती उलटीपालटी करू नका, कारण आतला गर्भ कवचाला धरून असतो आणि अंडे फिरले की तो मरण्याची भीती असते. पेंढा होता तसा वर ओढा, मुलांना दूर ठेवा, आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.