पानातले बिऱ्हाड

शिंपी पक्ष्याला ज्याने हे नाव दिले त्याची दृष्टी चांगली होती, पण कापडाचे शिवणकाम त्याने जवळून पाहिले नसावे. माणसातला शिंपी शेवटी गाठ मारतो. हा पक्षी गाठ मारीत नाही. मादी पानाच्या कडांना चोचीने बारीक भोके पाडते आणि त्यांतून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवते. बाहेर आलेले टोक पिंजून फुगते आणि धागा मागे सरकत नाही. एकेक टाका सुटा. दुपटी शिवणाऱ्या आमच्या आजीने असले काम नापासच केले असते! पण भोके इतकी बारीक, की पान सुकत नाही. आणि हिरव्या झाडात एक हिरवे पान कोण शोधणार?

शोधतात ती माणसेच. परसातल्या अंजिरावर यंदा असे घरटे झाले. अंडी तीन. ती उबायला बारा दिवस लागतात आणि पुढे पिल्ले उडायला साधारण चौदा. एवढ्या दिवसांत आळीतली सारी मुले दर्शनाला येऊन जायची! माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतो, ही समजूत खोटी आहे. भय निराळेच. आपण सारखे जिथे डोकावतो तिकडे कावळ्याचेही लक्ष जाते. शेजारच्या काकूंनी मायेने दूधपोळी कुस्करून आणली. तीही परत पाठवावी लागली. या पिल्लांचे अन्न म्हणजे किडे आणि अळ्या.

म्हणूनच माळीबाबांनी विचारले, “सर, अंजिराला कीड आहे, फवारा मारू? चार फांद्याही छाटतो,” तेव्हा मी म्हटले, “बाबा, पिल्ले उडेपर्यंत थांबा.” औषध अळीवर पडले, की तीच अळी पिल्लाच्या चोचीत जायची. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपक्ष्यांची अंडी-घरटी नासणे हा गुन्हा आहे, हे किती बागवाल्यांना ठाऊक असते?

चौदाव्या दिवशी सकाळी पान रिकामे दिसले. एक पिल्लू मांजराने नेले. दोन अंजिराच्या खालच्या फांदीवर एकमेकांना चिकटून बसली होती, आखूड शेपट्यांची, आणि आईबाप ‘टुविट् टुविट्’ करीत त्यांना भरवीत होते. माळीबाबांनी खालून बराच वेळ पाहिले.

“अजून आठवडाभराने येतो,” म्हणाले आणि कात्री पिशवीत घालून गेले.