पुण्यांतील वाँटेज-भगिनींच्या कन्याशाळा व त्यांचे कागद

सनद, महजर, निवाडपत्र, बखर यांचें मोल आपल्या मंडळींत ठरलेलें आहे. मुलींच्या शाळेची दाखल्याची वही मात्र कोणी उचलून पाहत नाहीं. आणि ती मिशनच्या शाळेची असली तर तिजकडे पाहण्यांत कांहीं जणांस कमीपणाहि वाटतो. आम्हांसहि पूर्वीं तसेंच वाटे. आमच्या अध्यापनकाळीं एका शाळेंत (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं) जुनीं जनरल रजिस्टरें, हजेरीचे कॅटलॉग व शेरेबुकें यांची खोलीभर रास रद्दीवाल्यास वजनावर देण्यांत आली. तागडी लागली तेव्हां आम्ही तेथें उभे होतों, आणि बोललों नाहीं. पुढील मजकूर लिहिण्यास हें एक कारण झालें.

आम्ही ज्या नगरांत राहतों त्या छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेंत, अँग्लिकन पंथाच्या चर्च मिशनरी सोसायटीचें काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत चाललें होतें व रतनजी नवरोजी हे पारशी कुळांतून ख्रिस्ती झालेले धर्माधिकारी येथें दीर्घकाळ होते. परंतु निजामाच्या राज्यांतील सरकारी कागद फारसी-उर्दूंत, लोकांचे मोडींत आणि मिशनचे इंग्रजींत; त्यांतहि सोसायटीचें मुख्य दप्तर आतां इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत आहे. संशोधकास ही त्रिस्थळी यात्राच म्हणावयाची. त्या मानानें पुण्यांतील वाँटेजच्या भगिनींच्या शाळांची हकीकत सलग लागते, म्हणून तीच येथें घेतों.

प्रथम ‘भगिनी’ या शब्दाविषयीं. इंग्लंडांत आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३६ ते १५४० या काळांत, मठ मोडले गेले व पुढें सुमारें तीन शतकें अँग्लिकन पंथांत व्रतस्थ स्त्रियांचे संघ नव्हते. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या चळवळींतून पुन्हा उभे राहिले. वाँटेज गांवचे धर्मोपदेशक विल्यम जॉन बटलर यांनीं १८४८ मध्यें ‘कुमारी मरियेचा संघ’ स्थापिला तो त्यांपैकींच एक. त्याच वर्षीं पुण्यांत भिडे वाड्यांत फुले दांपत्याची मुलींची शाळा निघाली. या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध कांहीं नाहीं. केवळ कालगणना मनांत राहावी म्हणून सांगितलें. मुंबईस अमेरिकन मिशनची मुलींची शाळा १८२४ पासूनची, म्हणजे अँग्लिकन भगिनी या कामांत उशिरानें उतरल्या हेंहि ध्यानांत ठेवावें.

या संघाच्या भगिनी पुण्यास आल्या त्या १८७७ मध्यें. लष्करांतील सेंट मेरीज शाळेचा आरंभ मात्र १८६६ चा आहे. तेव्हां ‘वाँटेजच्या भगिनींनीं १८६६ मध्यें शाळा काढली’ असें जें वाक्य आढळतें तें जुळत नाहीं. स्थापनेचें वर्ष एक व भगिनींच्या हातीं कारभार जाण्याचें वर्ष दुसरें. शाळेंत व तिच्या नांवाच्या देवालयांतहि घोटाळा करूं नये: सेंट मेरीचें देवालय बिशप हेबर यांच्या हस्तें १८२५ मध्यें संस्कारिलेलें, शाळेहून बरेंच जुनें.

लष्करांतील ही शाळा गोऱ्या व अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या मुलींसाठीं. अशा ‘युरोपियन शाळां’ना सरकारचे निराळे नियम लागू असत व त्यांचा अभ्यासक्रम विलायती परीक्षांच्या धोरणानें चाले. शहरांत, गुरुवार पेठेंत, पांच हौदांवरून ज्यास पंचहौद हें नांव पडलें त्या मिशनच्या आवारांत, त्याच भगिनींचें दुसरें काम होतें: मराठी बोलणाऱ्या मुलींची एपिफनी शाळा. या आवारांतील ‘पवित्र नाम देवालय’ १८८५ चें आहे. त्याच्या मनोऱ्यांतील आठ घंटांचा नाद पेठेंतील लोकांस परिचित आहे. लष्कर व पेठ यांत अंतर फार नाहीं. परंतु एकाच संघाच्या या दोन ठिकाणच्या वह्या शेजारीं ठेवल्या तर त्या दोन देशांच्या वाटाव्यात. एकींत बापाच्या पलटणीचें किंवा खात्याचें नांव, दुसरींत जात व बाप्तिस्मा.

या वह्या निर्माण कां झाल्या हेंहि सांगितलें पाहिजे. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें खासगी शाळांस सरकारी मदत देण्याचें धोरण ठरलें. शाळा धर्मशिक्षण देते कीं नाहीं हें न पाहतां, लौकिक विषय नीट शिकविले जातात एवढें पाहून ही मदत, म्हणजे ग्रँट, द्यावयाची होती. लौकिक विषय नीट शिकविले जातात हें ठरविण्यास तपासनीस आला, तपासनिसास दाखविण्यास पट आला, पटाचा पुरावा म्हणून हजेरी आली, आणि तपासनिसाचें मत लिहिण्यास शेरेबुक आलें. म्हणून शाळेच्या वहींतील आंकडे वाचतांना ते कोणास दाखविण्यासाठीं लिहिले हें प्रथम विचारावें. पट नेहमीं हजेरीहून मोठा असतो. आम्ही स्वतः आयुष्यभर पट भरला आहे, तेव्हां हें अनुभवानें सांगतों.

याउलट भगिनींनीं मातृगृहास पाठविलेलीं पत्रें ग्रँटसाठीं लिहिलेलीं नसत. तीं इंग्लंडांतील आप्तांस व देणगीदारांस उद्देशून असत. त्यांत आशा अधिक, आंकडे कमी. दोहोंची गांठ घालूनच सत्याचा अंदाज करावा.

पंचहौदाच्या परिसरांत दोन व्यक्ति अशा वावरल्या कीं त्यांच्यामुळें हे कागद संस्कृतज्ञांसहि वाचनीय व्हावेत. पहिले नीलकंठशास्त्री गोऱ्हे. १८२५ मध्यें जन्मलेले हे चित्पावन पंडित काशीस शिकले व जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचें खंडन म्हणून १८४५ च्या सुमारास त्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. पुढें १८४८ मध्यें ते स्वतःच ख्रिस्ती झाले व नेहेम्या गोऱ्हे म्हणून प्रसिद्ध पावले. हिंदु धर्माच्या समर्थनाचा त्यांचा तो ग्रंथ हस्तलिखितांतच राहिला आणि उज्जैन येथून १९५१ मध्यें स. ल. कात्रे यांच्या संपादनानें छापला गेला. कर्त्यानें जें मत टाकलें त्याची पोथी शतकभर कोणी तरी जपून ठेवली. संग्राहकांस याहून अधिक सांगणें नको.

दुसऱ्या पंडिता रमाबाई. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें साक्ष देऊन स्त्री-शिक्षिकांची व स्त्री-वैद्यांची गरज सांगितली. येथेंच वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा परिचय झाला. १८८३ मध्यें लहानग्या मनोरमेस घेऊन त्या वाँटेजला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजीं तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्ह्यांच्या लेखनाचा आपल्या मनावर परिणाम झाल्याचें त्यांनींच नमूद केलें आहे. पुढें चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजांत त्यांनीं अध्ययन व संस्कृताचें अध्यापन केलें.

परंतु बाप्तिस्म्यानें त्या गप्प बसल्या नाहींत. त्यांच्या गुरुस्थानीं असलेल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो मुळांतूनच वाचावा. क्रूसावरील लेख लॅटिन कां, संस्कृत कां नको, लॅटिन ही संस्कृताहून अधिक पवित्र आहे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आहार त्यांनीं शाकाहारीच ठेवला. पुरुषांस शिकवावें कीं नाहीं यावर धर्माधिकाऱ्यांनीं आक्षेप घेतला तेव्हां त्यांनीं त्यासहि उत्तर केलें. आमच्या मतें अँग्लिकन कन्याशिक्षणाच्या अंतरंगावर इतका प्रकाश पाडणारें दुसरें साधन मराठी मुलखाच्या संबंधांत क्वचितच मिळेल. कारण येथें शिष्या बोलते. वह्यांत शिष्येचें केवळ नांव असतें. आणि नवल असें कीं जिच्याशीं वाद झाला त्याच जेराल्डीनबाईंनीं हीं पत्रें एकत्र केलीं, १९१७ मध्यें त्यांची संहिता सिद्ध केली, व ए. बी. शहा यांच्या संपादनानें महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें ती १९७७ मध्यें प्रसिद्ध केली. तिच्या टिपणांत त्यांचा स्वतःचा रोष लपलेला नाहीं, पण प्रतिपक्षाचीं पत्रें त्यांनीं जाळलीं नाहींत.

आतां या शाळांत कोणाच्या मुली जात, हा प्रश्न. ऑक्टोबर १८९० मध्यें याच पंचहौद मिशनांत व्याख्यानानंतर मंडळींपुढें चहा आला. उपस्थितांत रानडे, टिळक, गोखले होते. गोपाळराव जोशी यांनीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापविलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, ग्रामण्य माजलें आणि रानडे यांनीं १८९२ मध्यें प्रायश्चित्त घेतलें. घरांत त्याचा ताप कसा झाला तें रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या १९१० च्या पुस्तकांत आहे. जेथें एका पेल्यावरून एवढें झालें तेथें रोज मुलीस पाठवून तेथील पाणी प्यावयास लावणें ब्राह्मण घरास किती अवघड असेल याचा विचार व्हावा. शिवाय १८८४ मध्यें हुजूरपागेची शाळा निघाल्यानें अशा घरांस दुसरी वाट मोकळी झाली होती. यास्तव पेठेंतील शाळेचा पट प्रामुख्यानें ख्रिस्ती कुटुंबांचा व अनाथ मुलींचा असणार असें आम्हांस वाटतें. हें अनुमान आहे, वह्या तपासूनच त्याचा निकाल लागेल.

तपासतांना एक अडचण हटकून येते. बाप्तिस्म्यानंतर नांव पालटतें किंवा दुहेरी होतें. रमाबाईच ‘मेरी रामा’ झाल्या होत्या. तेव्हां एकच मुलगी दोन ठिकाणीं दोन नांवांनीं सांपडते व असावध संशोधक तिच्या दोघी करतो. जन्मतारीख, गांव व वहींतील शेऱ्याचा रकाना यांवरून ओळख पटवावी. शेऱ्याच्या रकान्यांत ‘लग्न झालें’, ‘गांवीं गेली’ एवढेच शब्द असतात. ते गाळूं नयेत.

अशी वही हातीं आल्यास पानें सुटीं करूं नयेत, फाटक्या कडांवर चिकटपट्टी लावूं नये, प्लास्टिकचें आवरण तर मुळींच नको. पुठ्ठ्यापासून मागील कोऱ्या पानांपर्यंत, शिक्क्यांसह, छायाचित्रें घ्यावींत. हयात असूं शकतील अशा स्त्रियांचीं नांवें छापूं नयेत. मूळ वही शाळेकडेच राहूं द्यावी, आणि शाळा ती टाकून देण्यास निघाली असेल तर तागडी लागण्यापूर्वीं आमच्या मंडळास एक कार्ड टाकावें.