आडकाठी आणि पीळ

सतरंजीवर सुटी मांडली तर ही करवत आहे असं कुणी म्हणणार नाही. हातभर लांबीच्या दोन चपट्या दांड्या, त्यांहून थोडी लांब एक काठी, वीतभर चीप, दोरीचा वेढा, दोन खिळे आणि जुन्या कापडात गुंडाळलेलं पातं. सगळं मिळून 600 ग्रॅमच्या आसपास. जोडायला दोन मिनिटं लागतात आणि मग मनगटाएवढं वाळलेलं लाकूड ती सहज कापते.

इंग्रजीत हिला ‘बकसॉ’ म्हणतात. ओंडका धरायला दोन फुल्या ठोकून केलेली घोडी असते, तिचं डच नाव ‘झागबोक’. आपण जिला घोडी म्हटलं तिला डचांनी बोकड म्हटलं, एवढाच फरक. त्यावरून अमेरिकेत ‘सॉबक’ शब्द आला आणि रोमन लिपीतला दहाचा आकडा फुलीसारखाच दिसतो म्हणून दहा डॉलरच्या नोटेलाही तेच नाव पडलं. घोडीवरचं लाकूड कापते ती बकसॉ.

पण हिचं कूळ त्याहून खूप जुनं. चौकटीत ताणलेली करवत रोमन सुतारांकडेही होती. अडचण एकच होती. पातळ पातं पुढे ढकललं की वाकतं. जाड केलं तर वजन वाढतं, लाकूड वाया जातं आणि दम लागतो. जपानी सुतारांनी ढकलणंच सोडलं. त्यांची करवत ओढताना कापते, आणि ओढलेलं पातं आपोआप सरळ राहतं. आपल्याकडे जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करणारे जुने सुतारही ओढीवरच कापत. युरोपने दुसरी वाट धरली: पात्याला दोन्ही टोकांनी कायमचं ताणून ठेवायचं. रुंद पोलादी पत्रा महाग होता तोवर हा मोठाच फायदा होता, कारण चौकटीला बोटभर रुंदीचं पातंही पुरतं. पुढे इंग्लंडने रुंद पात्याची हातकरवत उचलली, जर्मन सुतारांनी मात्र चौकट सोडली नाही.

या चौकटीची रचना इंग्रजी एच अक्षरासारखी. दोन उभ्या दांड्या, मध्ये आडवी काठी. खालच्या टोकांना पातं, वरच्या टोकांना दोरी. दोरीच्या दोन पदरांत चीप अडकवून पीळ द्यायचा, बैलगाडीवरच्या कडब्याची दोरी आवळतात तसा. दोरी आखडते, दांड्यांची वरची टोकं जवळ येतात, खालची लांब जायला बघतात आणि पातं ताणलं जातं. मराठीत आडकाठी म्हणजे अडथळा; इथे ती नसेल तर काहीच होणार नाही. ती तरफेच्या टेकूसारखी काम करते. बरोबर मध्यावर असेल तर दोरीत जेवढा ताण तेवढाच पात्यात. पात्यापासून 12 सेंटीमीटर आणि दोरीपासून 24 सेंटीमीटरवर ठेवली तर पात्यात दुप्पट. मोह होतो आणखी खाली सरकवायचा, पण मग ओंडक्याला आत शिरायला जागा उरत नाही. दोन्हीकडच्या ताणाची बेरीज ती एकटी सोसते, म्हणून तिचा रेषा सरळ हवा, गाठ चालत नाही.

मी पहिली करवत केली ती जुन्या खिडकीच्या चौकटीतल्या सागवानाची. आडकाठी दांड्यांच्या खाचांत सरस लावून पक्की बसवली, कारण पक्कं म्हणजे चांगलं असा माझा समज. तिसऱ्या पिळाला खाचेपासून दांडी उभी चिरली. ओळखीच्या सुताराला दाखवली तर तो हसलाच. “साहेब, सरस कशाला? हिला हलायला जागा पाहिजे.” त्याने नव्या खाचा किंचित सैल ठेवल्या आणि काठीच्या टोकांचे खांदे कानशीने गोल केले. ताण आला की दांडी त्या खांद्यावर जराशी डुलते आणि दोरी सोडली की सगळं निखळतं. सुटी होण्याचं सगळं गुपित त्या सैलपणात आहे. आता नवी करायची झाली तर मी धामण शोधीन. लवचीक आणि चिवट म्हणून धनुष्याला, हत्यारांच्या दांड्यांना ती पूर्वीपासून वापरतात. थंड देशांत हे काम अ‍ॅश आणि बर्च करतात.

पातं मात्र घरी करू नये, कारखान्याचं घ्यावं. स्वीडनची सँडविक कंपनी 1862 ची. 1886 पासून तिने करवती काढल्या. विसाव्या शतकात पोलादी नळीच्या धनुष्याकृती करवतींनी लाकडी चौकटी मागे सारल्या, पण गंमत अशी की आजची लाकडी करवत त्यांच्याच पात्यांवर जगते. 21, 24 आणि 30 इंच ही त्यांची ठरलेली मापं, दोन्ही टोकांना भोक. 24 इंचाचं पाठपिशवीत मावतं. बाहको कंपनीच्या 51 क्रमांकाच्या पात्याला नुसते टोकदार दात असतात, ते वाळलेल्या लाकडासाठी. 23 क्रमांकाच्या पात्यात दातांच्या मधे भुसा खरवडून काढणारे वेगळे दात असतात, ते ओल्यासाठी. चुकीचं घेतलं की ओल्या भुशात पातं रुतून बसतं.

कॅनडाच्या पावसाळी रानात हिची खरी किंमत कळते. जमिनीवरचं सरपण भिजलेलं असतं, पण उभा वाळलेला स्प्रूस वृक्ष आतून कोरडा असतो. तो कापून तुकडे करायचे, फोडायचे, की गाभ्यातून पेटणारं लाकूड निघतं. कुऱ्हाडीने हेच करायला दुप्पट दम लागतो आणि दिवस मावळताना दमलेल्या हातात कुऱ्हाड नको. सह्याद्रीत मात्र ही करवत पिशवीतून न काढलेलीच बरी. राखीव जंगलात लाकूड तोडायला बंदी आहे आणि चहाला छोटा गॅस पुरतो. माझी करवत घरीच चालते, वादळात पडलेल्या आंब्याच्या फांद्यांवर.

दोरीबद्दल एक सांगायचं राहिलं. नायलॉनची ताणली जाते, पुन्हापुन्हा पिळावी लागते. अंबाडीची भिजली की आखडते, म्हणून पावसात काम संपताच ती सोडावी, नाहीतर रात्रीत चौकट तडकते. सोडताना चीप घट्ट धरून एकेक वेढा उलगडायचा. एकदा मी ती तशीच सोडून दिली होती. बोटाचं नख काळं पडलं आणि नवं उगवायला काही महिने गेले.